गाठी, फुगवटे आणि वेटोळ्यांचं हातसूत: नवख्यांसाठी पहिल्या लडीपासून

हाताने कातलेलं आणि मुद्दाम खडबडीत ठेवलेलं सूत आता बऱ्याच जणींच्या घरी येऊ लागलंय. कुणी प्रदर्शनातून आणते, कुणी ऑनलाइन मागवते, कुणी स्वतःच टकळीवर कातायला शिकते. हे सूत कुठे करंगळीएवढं जाड तर कुठे शिवणाच्या दोऱ्याइतकं बारीक असतं. मध्येच एखादं वेटोळं येतं, कुठे साडीची चिंधी पिळात अडकलेली असते. लड इतकी देखणी दिसते की हात आपोआप पाकिटाकडे जातो. मग ती कपाटात पडून राहते, कारण स्वेटर-टोपीच्या नेहमीच्या नमुन्यात ती बसतच नाही.

मी सांगलीत राहते. माणदेशातली काळी लोकर, विट्याच्या मागांवरचं सुती सूत आणि बाहेरून येणारी मऊ मेरिनो, या तिन्हींशी माझा रोजचा संबंध आहे. नवीन येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी एवढंच सांगते: हे सूत दिसेल तिथे लावा, ताण येईल तिथे लावू नका. पुढची प्रत्येक पायरी या एका सूत्राला धरून आहे.

१. हातातलं सूत कोणत्या जातीचं ते ओळखा

दुकानात या सगळ्याला सरसकट 'फॅन्सी लोकर' किंवा 'आर्ट यार्न' म्हणतात, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो.

जाड-बारीक सूत सगळ्यांत जास्त मिळतं. मागवाले त्याला स्लब म्हणतात. हे बहुतेक वेळा एकपदरी असतं. पीळ नेहमी बारीक भागाकडे धावतो, त्यामुळे जाड भागात पीळ कमी पडतो आणि तंतू सैल राहतात. म्हणूनच हे सूत बारीक जागी सहसा तुटत नाही, ते जाड जागी सुटतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. तुकडा हातात घेऊन फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना हलकेच ओढून बघा, लगेच कळेल.

वेटोळ्यांच्या सुतात एक जाड धागा बारीक गाभ्याभोवती स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो. त्याची सगळी ताकद गाभ्यात असते. गाभा चांगला असेल तर वेटोळी जागची हलत नाहीत. कच्चा असेल तर बोटाने ढकलली की सरकतात, आणि खालचा दोरा उघडा पडतो.

फाशांचं सूत म्हणजे बुक्ले. यात एक धागा गाभ्याचा, दुसरा फासे पाडणारा आणि तिसरा ते फासे जागेवर बांधून ठेवणारा असतो. दिसायला फार गोड, पण अंगठी, बांगडी, मंगळसूत्र, पर्सची चेन, सगळ्यात अडकतं. रोज वापरायच्या वस्तूसाठी हे घेऊ नका.

कुरळ्या बटांचं सूत बहुतेक परदेशी जातींच्या लोकरीचं असतं. आपल्या दख्खनी मेंढीला इतक्या लांब, चमकदार बटा नसतात. ते महाग पडतं, म्हणून फक्त काठाला आणि झालरीला वापरावं.

उरलं मिसळीचं सूत: रेशमी काप, साडीच्या चिंध्या, मणी, जरीचे तुकडे. यात रंग सुटण्याचा धोका सगळ्यांत मोठा. त्याबद्दल धुण्याच्या पायरीत सांगते.

जाता जाता एक चाचणी. आपल्याकडच्या दुकानांत अ‍ॅक्रिलिकलाही लोकरच म्हणतात, त्यामुळे बोटभर तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की लवकर विझते आणि काळी राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो. मिसळीच्या सुतात प्रत्येक तंतू वेगळा जाळून बघावा लागतो.

२. आणायचं कुठून

सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा पूर्वेचा दुष्काळी पट्टा, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत, हा मेंढपाळांचा मुलूख. दहिवडीला आणि रांजणीला सरकारी मेंढीपैदास केंद्रं आहेत. दख्खनी मेंढीची लोकर भरड, बरीचशी काळी किंवा करडी, आणि घोंगडीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली. धनगरवाड्यांवर टकळीवर लोकर कातणारी वडीलधारी माणसं अजून भेटतात. घोंगडी विणण्याचं काम परंपरेने सनगर समाजाचं. म्हसवडच्या बाजूला कुणाच्या घरी माग चालू असेल तर तिथे हातसूत विचारा.

मेंढरांची कातरणी वर्षातून दोनदा होते. बरेच कळप दिवाळीनंतर चाऱ्यासाठी बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, तेव्हा पावसाळा ते दिवाळी या काळात वाड्यावर माणसं भेटण्याची शक्यता जास्त. कोकराच्या पहिल्या कातरणीला जावळ म्हणतात. ते बाकीच्या लोकरीपेक्षा पुष्कळ मऊ असतं. मिळालं तर थोडं जास्त पैसे देऊन घ्या, मागे हटू नका.

कातणाऱ्या आजी-आजोबांकडून घेताना एक गोष्ट मनापासून सांगते. त्यांचं कौशल्य एकसारखं सूत काढण्यात आहे, तीच त्यांच्या हाताची शान. "मला वेडंवाकडं पाहिजे" असं म्हटलं तर त्यांना आपण त्यांच्या कामाला नावं ठेवतोय असं वाटू शकतं. नमुन्याचा तुकडा सोबत न्या, कुठे लावणार ते दाखवा, आणि या सुतालाही वेळ तितकाच लागतो हे धरून मजुरी ठरवा. घासाघीस करू नका.

भरड दख्खनी सूत उघड्या अंगाला टोचतं. त्याचा मफलर होत नाही, पण भिंतीवरचं विणकाम, पिशवी, आसन आणि उशीचा अभ्रा फार छान होतो. गळ्याशी घालायचं असेल तर मेरिनोचं सूत ऑनलाइन मागवा. विकणाऱ्याला चार गोष्टी विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका: वजन किती, लांबी किती मीटर, तंतू कोणते, आणि धुतलेलं आहे का. नुसतं वजन सांगितलं तर हिशेब चुकतो, कारण जाड सुताची शंभर ग्रॅमची लड लांबीला अगदीच थोडी भरते.

३. सामान

सगळं एकदम विकत घेऊ नका. घरात यातलं निम्मं निघेल.

- रुंद बादली किंवा टब, रिठे किंवा केस धुवायचा सौम्य शाम्पू, जुना टॉवेल
- शिंप्याची टेप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा
- जुनी लाकडी फोटोफ्रेम, बिनटोप्याचे बारीक खिळे, हातोडी
- ताण्यासाठी, म्हणजे चौकटीवर चढवायच्या उभ्या धाग्यांसाठी, मजबूत सुती दोरा. विट्याकडे माग असलेल्या ओळखीच्या घरातून मिळाला तर उत्तम, नाहीतर मॅक्रमेची बारीक सुती दोरी
- मोठ्या नाकाची बोथट सुई किंवा दाभण
- दणकट दातांचा जुना कंगवा
- विणायचं असेल तर ८ ते १२ मिमीच्या सुया, नाहीतर तितक्याच जाडीची क्रोशाची सुई
- जुळत्या रंगाची शिवणाच्या दोऱ्याची रिळं

सुयांच्या बाबतीत इथे हमखास फसगत होते. आपल्या दुकानांत अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. "आठ नंबर द्या" म्हणालात तर ४ मिमीची सुई हातात पडेल, आणि तिच्यावर हे सूत चढणारही नाही. त्यामुळे मिलिमीटरमध्येच मागा. एवढ्या जाड सुया दुकानात नसतील तर बांबूच्या सरळ काड्या पॉलिश पेपरने घासून, टोकं गोल करून वापरा.

४. धुऊन पीळ बसवा

ही पायरी बहुतेक नवख्या गाळतात आणि पुढे सगळ्या कामात त्रास काढतात. न धुतलेल्या एकपदरी सुतात पीळ जिवंत असतो. त्याच्यावर विणलं तर चौकोन तिरका होतो, आणि कितीही ओढून सरळ केला तरी परत तिरका पडतो.

लड पाण्यात सोडण्यापूर्वी तिला चार जागी सुती दोऱ्याने बांधा. दोरा इंग्रजी आठच्या आकारात लडीतून फिरवायचा आणि गाठ सैल ठेवायची. घट्ट बांधली तर त्या जागी पाणी शिरत नाही, आणि रंगवणार असाल तर पांढरा पट्टा राहतो.

रिठे रात्री भिजवून सकाळी कुस्करा, पाणी गाळून घ्या. कोमट पाण्यात ते मिसळा आणि लड वरून अलगद दाबून बुडवा. वीस-पंचवीस मिनिटं तशीच राहू द्या. चोळायचं नाही, नळाची धार लोकरीवर सोडायची नाही, आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात घालायची नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, साबण आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा होतो. नमदा झालेली लोकर परत सुटत नाही. म्हणून विसळायचं पाणीही तेवढंच कोमट घ्या.

वाड्यावरून आणलेल्या सुतात धूळ आणि कुसळं असतात. पाणी काळं आलं तर घाबरू नका, दोन-तीनदा पाणी बदला. मागावरून आणलेलं सूत हाताला कडक लागलं तर त्याला चिंचोक्याची खळ लावलेली असू शकते. कारण घोंगडीचा ताणा खळ लावूनच मागावर चढवतात. असं सूत थोडं जास्त वेळ भिजवलं की मऊ पडतं.

मिसळीचं सूत असेल तर आधी एक टोक ओलं करून पांढऱ्या सुती कापडात पाच मिनिटं दाबून ठेवा. कापडाला डाग लागला तर ती लड पांढऱ्या सुताशेजारी वापरायची नाही. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो यावर भिस्त ठेवू नका. सुटणारा रंग त्याने थांबत नाही.

आता लड टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभं राहा, म्हणजे पाणी निघेल. पिळू नका. नुसतं जाड-बारीक सूत असेल तर ओली लड दोन-तीनदा भिंतीवर हलकी आपटा, त्याने पीळ सारखा वाटला जातो आणि सूत फुगतं. मणी असतील तर अर्थातच आपटायचं नाही. सावलीत दांडीवर टाका. काही जण खाली वजन बांधायला सांगतात. साध्या सुताला ते ठीक, पण आपल्या सुताची वेटोळी आणि फासे त्याने ताणले जातात आणि ज्या उठावासाठी पैसे मोजले तोच सपाट होतो.

रंगवायचं असेल तर पांढरी लोकर घ्या, काळीवर काही चढत नाही. सांगलीकरांना पहिल्यांदा हळद आठवते आणि ती सुंदर चढतेही, पण उन्हात तो रंग फार लवकर उडतो. भिंतीवर लावायच्या वस्तूला डाळिंबाची साल घ्या. आटपाडीच्या बाजूला डाळिंबं भरपूर, वाळकी साल फुकट मिळते. शंभर ग्रॅम लोकरीला दहा ते पंधरा ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून, लोकर त्यात मंद आचेवर तासभर ठेवायची. मग लोकरीच्या वजनाइतक्या वाळक्या सालीचा काढा गाळून त्यात तासभर. दोन्ही वेळा उकळी फुटू द्यायची नाही आणि पातेलं स्वतःहून गार होऊ द्यायचं. छान मातकट पिवळा येतो, लोखंडी कढईत केलं तर तोच हिरवट-करडा. रंगवायचं भांडं परत स्वयंपाकाला वापरू नका.

५. किती सूत आहे ते मोजूनच वस्तू ठरवा

लड दोन खुर्च्यांच्या पाठींभोवती टाका, एका फेऱ्याची लांबी मोजा, फेरे मोजा, गुणाकार करा.

चौकटीवर विणायचं तर हिशेब सोपा आहे. समजा २० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच तुकडा करायचाय आणि जाड सुताच्या सेंटिमीटरला दोन ओळी बसतात. म्हणजे साठ ओळी, प्रत्येकी २० सेंमी, झाले १२ मीटर. वळणं आणि ढिलाई धरून १४ मीटर घ्या. त्यातही अर्ध्या ओळी साध्या सुताच्या ठेवल्या तर सातच मीटर पुरतात. सुयांवर विणताना एका ओळीला रुंदीच्या तिप्पट-चौपट सूत जातं, क्रोशाला त्याहूनही जास्त. म्हणजे एकच लहान लड असेल तर क्रोशाचा विचार सोडून द्या.

६. पहिली वस्तू: खिळ्यांच्या चौकटीवर भिंतीवरचं विणकाम

इतर कुठल्याही कामाआधी हेच करावं असं माझं ठाम मत आहे. इथे सूत उघड दिसतं, त्याच्यावर ताण येत नाही आणि बिघडलं तर ओळ ओढून काढता येते.

फोटोफ्रेमची काच आणि पुठ्ठा काढा. वरच्या आणि खालच्या पट्टीवर एक-एक सेंटिमीटरवर खिळे ठोका, निम्मे बाहेर राहू द्या. सुती दोरा पहिल्या खिळ्याला बांधून खाली-वर, खाली-वर नेत ताणा चढवा. बोट लावल्यावर किंचित दबला पाहिजे, पण लोंबता कामा नये. ताण्याला हातसूत कधीही घेऊ नका. ताण्याला सतत ओढ बसते, फुगवटे एकमेकांना घासतात आणि चार ओळींतच सूत सुटायला लागतं.

सुरुवातीच्या पाच-सहा ओळी साध्या सुताच्या घाला: एक धागा वरून, एक खालून, परतताना उलट. या ओळींनी खालची कड बांधली जाते.

आता हातसूत. हातभर लांबीचे तुकडे करायचा मोह होतो, तो टाळा, कारण प्रत्येक टोक नंतर लपवावं लागतं. दोन-अडीच मीटर सूत पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळून तीच धोट्यासारखी, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनासारखी, फिरवा. पट्टी धाग्यांमधून जात नसेल तर बोटांनी ओढा. ओळ घातली की सूत सरळ ताणून खाली दाबायचं नाही. त्याची कमान करायची, मधोमध दोन बोटं उंच, आणि मग कमान वरून खाली थोडी थोडी दाबत आणायची. ही एवढीशी गोष्ट सोडली तर दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि चौकोनाचं डमरू होतं.

फुगवटा ताण्याच्या धाग्याखाली गेला तर तो दिसत नाही. प्रत्येक ओळ दाबण्यापूर्वी नजर टाका. मोठा फुगवटा किंवा वेटोळं नेमकं धाग्याखाली आलं असेल तर सूत अर्धा सेंटिमीटर मागे-पुढे सरकवा, म्हणजे ते दोन उभ्या धाग्यांच्या मध्ये वर उठून बसेल. हे बोटांनीच करायचं. कंगवा फक्त साध्या सुताच्या ओळींवर चालवा. वेटोळ्यांवर चालवला तर दात त्यांत अडकतात आणि गाभा उघडा करतात.

हातसुताच्या दोन ओळी झाल्या की साध्या सुताच्या दोन ओळी. ही शेजारची साधी ओळच फुगवट्याला धरून ठेवते, आणि डोळ्याला विसावाही देते. सगळंच खडबडीत असलं की काहीच उठून दिसत नाही. मला काळ्या दख्खनी सुताशेजारी कोऱ्या, न रंगवलेल्या सुती धाग्याच्या ओळी फार आवडतात. त्या काळ्यात करडे आणि तपकिरी केस किती आहेत ते तेव्हाच दिसतं.

वर पोचलात की पुन्हा पाच-सहा साध्या ओळी. मागच्या बाजूने सगळी टोकं दाभणाने शेजारच्या ओळींत ओवा. जाड टोक आधी उसवून निम्मं पातळ करा म्हणजे पुढून गाठ दिसणार नाही. ताण्याची वेटोळी खिळ्यांवरून उचलून एका काठीत ओवा. डाळिंबाची किंवा बांबूची काठी चालते, फक्त ती पूर्ण वाळलेली हवी, ओल्या काठीचा डाग लोकरीत उतरतो. इस्त्री फिरवू नका. कडा वळत असतील तर पाण्याचा फवारा मारून टाचण्या लावून सपाट ठेवा, वाळलं की बसतं.

७. सुया आणि क्रोशा

सुयांवर नक्षीचे नमुने विसरा. जाळीची पानं, वेण्या, सगळं या सुतात बुडून जातं. सगळ्या ओळी सुलट विणा, एवढंच पुरे. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलंत तर फुगवटे उलट बाजूला बाहेर येतात. तेव्हा वस्तू पूर्ण करताना तीच बाजू वर ठेवा. सूत कमी असेल तर चार ओळी साध्या सुताच्या आणि एक हातसुताची अशा पट्ट्या घाला. टाके सैल घाला, आणि बंद करताना शेवटच्या ओळीला रुंदीच्या चौपट सूत राखून ठेवा, नाहीतर अगदी काठावर येऊन अडकाल.

क्रोशाने मात्र सुरुवात करू नका. या सुतात आधीच्या ओळीचा टाका डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपून शोधावा लागतो. शिवाय उसवताना फासे एकमेकांत गुंततात. हात बसल्यावर करायचंच असेल तर मुख्य तुकडा साध्या सुताचा करा आणि शेवटची फेरी हातसुताची द्या. लहान खांबांत, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्यांत, मणी आणि गाठी मागच्या बाजूला जाऊन बसतात, म्हणून ती फेरी उलट बाजूने घाला.

पिशवी केलीत तर तिला अस्तर लावाच, नाहीतर किल्ली-पेन विणीतून बाहेर येतात. बंद हातसुताचे करू नका. निवारपट्टीचे घ्या, आणि ते अस्तराला शिवा, विणीला नाही. भाजीच्या वजनाने विण लोंबते ती पिशवी धरल्यामुळे नव्हे, बंद चुकीच्या जागी शिवल्यामुळे.

८. कापडावर टाचून लावणं

ज्यांना विणता येत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग, आणि थोडकं सूत फार लांब पुरवणाराही हाच. उशीचा अभ्रा, तोरण, कापडी पिशवी, खणाच्या तुकड्याची चौकट, कशावरही होतं.

जाडसर सुती कापड घ्या आणि भरतकामाच्या रिंगमध्ये ताणा. खडूने मोठ्या वळणांची रेषा काढा. तीक्ष्ण कोपरे हे सूत घेत नाही. सूत रेषेवर ठेवायचं, ते कापडातून ओवायचं नाही. शिवणाच्या जुळत्या दोऱ्याने खालून सुई वर काढा, सूत ओलांडा आणि पलीकडे लगेच खाली घाला. असा टाका साधारण सेंटिमीटरवर एक, पण पट्टी लावून मोजू नका. टाका नेहमी बारीक जागी घ्या. फुगवट्यावर घेतला तर तो मधोमध आवळला जाऊन त्याचा आकार जातो. सुई सुतातून नको, सुताच्या कडेने गेली पाहिजे. दोन टाक्यांमध्ये सूत किंचित सैल ठेवा म्हणजे वस्तू धुतल्यावर कापड चुरगळणार नाही.

दोन्ही टोकांसाठी दाभणाने कापडात भोक पाडा, टोक मागे ओढा आणि बोटभर लांबी मागे शिवून टाका. पुढच्या बाजूला कापून सोडलेलं टोक पहिल्या धुण्यात उलगडतं.

ब्लाउजवर करायची हौस असेल तर फक्त बाहीच्या वरच्या भागावर करा. पाठ आणि काखेजवळ नको; तिथे घाम आणि घर्षण दोन्ही मिळतात, आणि खरी लोकर तिथे नमदा होते. अभ्र्याला मधल्या भागात लावा, कडेला नाही. देव्हाऱ्याच्या तोरणात अ‍ॅक्रिलिक मिसळलेलं सूत वापरू नका. समईच्या आचेने ते वितळतं.

९. उरलेले तुकडे

वीतभर तुकडाही टाकू नका. गोंड्यासाठी साध्या सुताचे पंधरा-वीस पदर घ्या आणि वरून दोनच पदर हातसुताचे ठेवा. पूर्ण हातसुताचा गोंडा जड होतो आणि फिसकटतो. एखादं सुटं वेटोळं राखीच्या मधोमध टाचलं तर छान दिसतं. अगदी बारीक तुकडे मऊ बाहुलीत किंवा टाचण्या खोचायच्या उशीत भरा. लोकरीत टाचण्यांना गंज कमी लागतो.

१०. ठेवण

खऱ्या लोकरीला कसर लागते, आणि ती न धुतलेल्या, घामट, धुळकट लोकरीला आधी धरते. लड आणि तयार वस्तू दोन्ही धुऊन, पूर्ण वाळवून सुती पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये पावसाळ्यात ओल धरते. वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून आत घाला, पण त्यावर विसंबून राहू नका. पावसाळा संपला की सगळं बाहेर काढा, झटका, उन्हं दाखवा. पिशवीच्या तळाशी बारीक भुसा किंवा सुतावर पांढरी जाळी दिसली तर ती लड बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा आणि हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढून खोलीच्या हवेवर येऊ द्या आणि परत आठवडाभर ठेवा, कारण पहिल्या खेपेला वाचलेली अंडी मधल्या वेळात फुटतात.

वस्तू कुणाला भेट देणार किंवा विकणार असाल तर सोबत चिठ्ठी जोडा: तंतू कोणते, कोमट पाणी, मशीनमध्ये नाही, सावलीत आडवं वाळवा. वाड्यावरच्या कातणाऱ्याकडून सूत घेतलं असेल तर गावाचं नावही त्या चिठ्ठीवर लिहा, आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांचंही.